रद्दीचं मखर : इंदूरच्या पावसात केलेल्या कामाच्या नोंदी

१६ जून, रविवार

माळ्यावरून थर्माकोलचं मखर खाली काढलं. बारा वर्षं वापरलेलं. उजवा खांब मधोमध मोडलेला, महिरपीचा कोपरा उंदराने कुरतडलेला आणि खोक्याच्या तळाशी पांढऱ्या मण्यांचा ढीग. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२पासून देशभर बंदी आहे, म्हणजे नवं घेण्याचा प्रश्नच नाही. हे मणी सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकताना मला दर वर्षी वाईट वाटतं. ते कशात मिसळत नाहीत, कुजत नाहीत, वाऱ्यावर मात्र उडतात. स्वच्छतेत २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षं पहिल्या आलेल्या गावात राहायचं आणि देवाच्या नावाने हे करायचं, हे आता बस झालं.

यंदा मखर घरच्या रद्दीचं करायचं. चतुर्थी ७ सप्टेंबरला आहे, हातात जवळजवळ बारा आठवडे.

माप : रुंदी ३० इंच, उंची ३६, खोली १६. महालक्ष्म्या शेजारीच उभ्या राहतात, त्यामुळे यापेक्षा रुंद करता येत नाही. चार खांब, पुढे महिरप, मागे पाठ, दोन्ही बाजूंना जाळी, वर कळस. सगळे भाग सुटे हवेत, म्हणजे खोलून माळ्यावर जातील.

महिरपीच्या आकारासाठी सकाळी राजवाड्यापुढे तासभर उभी राहिले. सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी आणि वरचे लाकडी. झरोक्यांची वळणं वहीत उतरवली. घरी येऊन पुठ्ठ्यावर अर्धी महिरप काढली आणि घडी घालून कापली, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या आल्या.

सासूबाईंच्या लहानपणी देवासला घागरीच्या पाठीवर लगदा थापून टोपल्या करत. त्या म्हणाल्या, "आम्ही वैशाखात करायचो गं. हे उन्हाळ्याचं काम आहे. पाऊस लागला की वाळायचं नाही." मी म्हटलं, पंखा आहे, होईल.

१८ जून

कागद वेगळा केला. वर्तमानपत्रं एका ढिगात, लेकीच्या जुन्या वह्या आणि छापील पांढरे कागद दुसऱ्यात. पुरवण्यांची चकचकीत पानं आणि लग्नपत्रिका बाजूला. त्या कागदावर मातीसारख्या पांढऱ्या भुकटीचा लेप असतो, तो पाण्यात सुटून नुसता गाळ होतो, धागा मिळत नाही. वर्तमानपत्राचा धागा आखूड असतो, पण तो लवकर भिजतो. वह्यांचा कागद चिवट असतो, त्याला वेळ लागतो. म्हणून दोन्ही वेगवेगळ्या बादल्यांत भिजत घातले. कागद फाडला, कापला नाही. फाडल्यावर कडेचे धागे मोकळे राहतात.

घरचा कागद ५ किलो भरला. पांढरा कमी पडेलसं वाटलं म्हणून कबाड्याकडून छापील पांढऱ्या कागदांची ६ किलो रद्दी घेतली, १६ रुपये किलोने, ९६ रुपये.

२१ जून

तीन दिवसांनी वर्तमानपत्र बोटांनी विरघळत होतं, वह्यांचा कागद अजून पापुद्र्यांनी सुटत होता. त्याच्यावर उकळतं पाणी ओतलं आणि आणखी एक दिवस ठेवला.

जुन्या मिक्सरात लगदा फिरवला. चूक अशी झाली की भांडं कागदाने अर्धं भरलं. चौथ्या खेपेला मोटार तापून बंद पडली, थंड झाल्यावर पुन्हा सुरू केली तर खालचा रबरी कपलर कापला गेला. ९० रुपये आणि एक दिवस गेला. नंतर मूठभर कागद आणि पाऊण भांडं पाणी, दहा-दहा सेकंदांच्या तीन फेऱ्या, असं केलं. मग काही अडलं नाही. हे भांडं आता स्वयंपाकघरात परत जाणार नाही.

लगदा जुन्या पंच्यात बांधून पिळला. फार घट्ट पिळला तर गुठळ्या होतात आणि त्या पुन्हा फुटत नाहीत. मुठीत दाबल्यावर बोटांतून पाणी ठिबकावं पण धार लागू नये, इतपत ओल ठेवायची.

२३ जून, रविवार

मैद्याची खळ शिजवली : एक वाटी मैदा, आधी थंड पाण्यात कालवलेला, मग पाच वाट्या उकळत्या पाण्यात. चार मुठी लगद्याला एक वाटी खळ आणि दोन चमचे फेविकॉल. पुठ्ठ्याच्या महिरपीवर लगदा थापला. भरीव दिसावी म्हणून जवळजवळ इंचभर जाड. वजन २ किलो ४००. पंख्याखाली ठेवली.

दुपारी पहिला मोठा पाऊस आला.

२६ जून

महिरप वरून ओलीच. लेकीचं केस वाळवायचं यंत्र अर्धा तास मारलं. वरचा पापुद्रा कडक झाला, टिचकी मारली तर टकटक वाजायला लागलं. वाटलं, झालं.

३० जून, रविवार

झालं नव्हतं. वजन १ किलो ९००, आणि तीन दिवसांपासून फारसं उतरलेलंच नाही. जवळ गेलं की आंबूस, कुबट वास. पुठ्ठा पाठीमागून फुगून दुमडलेला.

३ जुलै

महिरप सुरीने कापून पाहिली. वर दोन-तीन मिलिमीटर कोरडी साल आणि आत ओला लगदा, हिरव्या-काळ्या बुरशीने भरलेला. गरम हवेने वरची साल आधी आवळली आणि आतल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहिली नाही. वर खळीतला मैदा म्हणजे बुरशीला जेवणच. सगळं फेकलं. पंधरा दिवस आणि जवळपास दीड किलो कागद गेला.

मी ओट्यावर बसून ती कापत होते तेव्हा समोरचे काका आले. ते तरुणपणी गिरणीत होते आणि अनंत चतुर्दशीच्या झांकीच्या, म्हणजे चित्ररथाच्या, कामाला दर वर्षी असायचे. इंदूरच्या गिरण्यांच्या झांक्या रात्रभर निघतात. हुकुमचंद मिल १९९१मध्ये बंद पडली, तरी ही परंपरा थांबली नाही. काकांनी तुकडा हातात घेतला, वास घेतला आणि म्हणाले, "बेटा, अख्खी मूर्ती लगद्याची कोण करतं? आम्ही आत बांबू आणि गवत बांधायचो, वर कागदाच्या पट्ट्यांचे थर. लगदा फक्त नाकाला, बोटांना. थर वाळला की दुसरा थर. वाळवणं हेच काम असतं, चिकटवणं नाही."

रात्री वहीत पहिल्या पानावर हेच लिहिलं.

७ जुलै, रविवार

आता अंदाजाने काही करायचं नाही असं ठरवलं. चार इंची चौकोनी चार तुकडे केले, सगळे एकाच पंख्याखाली.

पहिला : लगदा आणि मैद्याची खळ, एक सेंटिमीटर जाड. दुसरा : लगदा आणि फेविकॉल, तेवढाच जाड. तिसरा सासूबाईंच्या सांगण्याप्रमाणे : लगद्यात रात्रभर भिजवून वाटलेली मेथी आणि थोडी मुलतानी माती. चौथा : पुठ्ठ्यावर कागदाच्या पट्ट्यांचे आठ थर, खळ आणि फेविकॉल निम्मे-निम्मे, खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट.

मोरचूद बुकबाइंडर लोक खळीत घालतात, त्याने बुरशी आणि कसर लागत नाही. ते विष आहे. हातमोजे घातले, वेगळं भांडं आणि वेगळा चमचा ठेवला, बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहून ती कपाटात वरच्या फळीवर ठेवली. घरात लहान मूल असेल तर मोरचुदाच्या वाटेला जाऊ नका, नुसतं फेविकॉल वापरा, खर्च थोडा वाढेल.

रोज सकाळी चारही तुकडे स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर ठेवायचे. वजन दोन दिवस सारखं राहिलं म्हणजे वाळलं. हाताला कोरडं लागणं ही खूण खोटी आहे, हे महिरपीने शिकवलं.

१४ जुलै, रविवार

पहिल्यावर पाचव्या दिवशी पांढरे ठिपके. फेकला. दुसरा सहाव्या दिवशी वाळला, कठीण आहे, पण आक्रसून कडेने दोन मिलिमीटर आत गेला. तिसरा पाचव्या दिवशी वाळला, लाकडासारखा कडक, रंग मातकट, एका कोपऱ्याला चीर, बुरशी नाही. मेथीचा चिकटा धाग्यांना धरून ठेवतो हे हाताला कळतं, वास मात्र अजून येतो. चौथा दोन दिवसांत वाळला आणि वाकवला तरी तुटत नाही.

म्हणजे आता कामाची रीत ठरली. सांगाडा कागदाच्या सुरळ्यांचा आणि पुठ्ठ्याचा, अंग पट्ट्यांच्या थरांचं, आणि लगदा फक्त नक्षीला, तोही अर्ध्या सेंटिमीटरच्या आत.

सासूबाईंना तिसरा तुकडा दाखवला. त्यांनी तो बराच वेळ हातात धरून ठेवला. त्यांच्या आईच्या टोपल्या शेणाने आणि पिवळ्या मातीने सारवलेल्या असत, त्यात पापड ठेवत, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं.

१५ ते २५ जुलै

सुरळ्या. वर्तमानपत्राचं जोडपान उभं चार पट्ट्यांत कापायचं. विणकामाची सुई पट्टीच्या कोपऱ्यावर तिरपी ठेवायची आणि गुंडाळत जायचं, शेवटच्या कोपऱ्याला फेविकॉलचा एक थेंब. सुई कागदाच्या कडेशी किती तिरपी धरायची हेच यात शिकायचं. फार उभी धरली तर सुरळी आखूड आणि जाड होते, फार आडवी धरली तर लांब पण लेचीपेची. तीसेक अंशांवर छान बसते. सुरळीचं एक टोक आपोआप थोडं रुंद राहतं, दुसरीचं अरुंद टोक त्यात खुपसलं की जोड मिळतो.

पहिल्या दिवशी एका सुरळीला चार मिनिटं लागत होती, आठवड्याने दीड. संध्याकाळी टीव्हीपुढे ह्यांनाही बसवलं. सर्द हवेत कागद ओलसर होतो आणि सुरळी पिळवटते, म्हणून पट्ट्या आदल्या रात्री फ्रिजच्या मागच्या उबेला ठेवायच्या. ही युक्ती लेकीची.

खांब : मध्ये एक सुरळी, तिच्याभोवती सहा, त्यांच्याभोवती बारा, अशा एकोणीस. जवळजवळ गोल आपोआप जमतो, मोठी फट कुठे राहत नाही. खांबाची उंची ३४ इंच, म्हणजे प्रत्येक ठिकाणी दोन सुरळ्या जोडाव्या लागल्या. जोड सगळे एकाच उंचीवर आले तर खांब तिथेच मोडतो. पहिला खांब असाच मोडला. पुढच्या खांबांत जोड वरखाली ठेवले. चार खांबांना १५२ सुरळ्या, दोन जाळ्यांना १२०. मोडलेल्या खांबाच्या ३८ वेगळ्या.

बांधलेला खांब दोऱ्याने आवळून एक दिवस उभा ठेवायचा. आडवा ठेवला तर स्वतःच्या वजनाने धनुष्य होतो.

२८ जुलै, रविवार

पाठीचा पुठ्ठा ३० बाय ३४ इंचाचा. फ्रिजच्या खोक्यातून कापला, त्यावर पांढऱ्या कागदाचे तीन थर दिले. सकाळी उठून पाहिलं तर पुठ्ठा परातीसारखा वळलेला. ओल्या कागदाचे धागे फुगतात आणि वाळताना आवळतात, आवळताना पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतात. थर एकाच बाजूला होते, त्यामुळे ओढ एकाच बाजूची.

उपाय : जितके थर पुढे, तितकेच मागे, आणि एकाच दिवशी. मागून तीन थर दिले, दोन प्लायवुडच्या फळ्यांत घातला, मध्ये जुनेराची घडी, वर गव्हाचा डबा. रोज सकाळी जुनेर बदललं. चौथ्या दिवशी सरळ झाला, खालचा एक कोपरा तेवढा अर्धा इंच उचललेला राहिला. तो मागे जाईल.

४ ऑगस्ट, रविवार

तीन दिवस झड. कामाला हात लावला नाही. फक्त वजनं लिहिली.

८ ऑगस्ट

नवी महिरप : पुठ्ठ्याचे तीन तुकडे एकमेकांवर चिकटवले, मधल्यात पन्हळी आडव्या, बाकी दोघांत उभ्या. त्यावर दोन्ही बाजूंनी पाच-पाच थर, रोज एकच. आंतल्या वळणावर रुंद पट्टी बसत नाही, सुरकुत्या पडतात. तिथे बोटाच्या पेराएवढे तुकडे फाडून लावले. पट्टी कात्रीने कापली तर तिची कड शेवटपर्यंत दिसते, फाडलेली कड शेजारच्या थरात विरून जाते.

सहा दिवसांनी वजन ६४० ग्रॅम. पहिली याच आकाराची ओली महिरप आठवून हातात धरली तेव्हा हायसं वाटलं.

११ ऑगस्ट, रविवार

नक्षीचा दिवस, सगळ्यात आनंदाचा. मोदकाचे दोन साचे वेगळे आणले, ६० रुपयांचे, आणि वर्तुळाकार पाकळ्यांचा बिस्किटाचा एक साचा, तोही ६० रुपयांचा. घरातले वापरायचे नाहीत, मोरचुदाचा हात लागलेला असतो. मोदकाच्या साच्यात लगदा दाबून अर्धा मोदक काढला की खांबाच्या माथ्याला कमळाची कळी तयार.

पहिल्या सहा कळ्या साच्याला चिकटून तुटल्या. तेल लावून पाहिलं, सुटल्या, पण तेलकट जागी पुढे रंग धरणार नाही. शेवटी साच्यात ओल्या मलमलचा तुकडा पसरून त्यावर लगदा दाबला. मलमलीची वीण कळीवर उमटते, ती मला आवडली, तशीच ठेवली.

घरात कपड्यावर छपाईचा एक जुना लाकडी ठसा होता, धार जिल्ह्यातल्या बागच्या छपाईसारख्या वेलीचा. पाठीच्या वरच्या पट्ट्यावर लगद्याचा पातळ थर देऊन तो दाबला. वेल उमटली पण उथळ. लगदा तासभर सुकू दिला, मग दाबला, तेव्हा खोल आणि स्वच्छ उमटली. ठसा दर चार छापांनी ब्रशने धुवावा लागतो, नाहीतर रेघांत धागे भरतात.

१५ ऑगस्ट

कळस. स्टीलच्या तांब्यावर उलट्या बाजूने पट्ट्यांचे सात थर दिले होते. पहिला थर नुसत्या पाण्याने, खळ न लावता, म्हणजे तो तांब्याला चिकटत नाही. वाळल्यावर निघेना, कारण तांब्याचा गळा अरुंद. काश्मिरी कारागीर लाकडी साच्यावर कागदाचे थर चढवतात आणि वाळल्यावर करवतीने कापून, साचा काढून, पुन्हा जोडतात. तेच केलं. पात्याने उभे दोन अर्धे कापले, जोडावर आतून-बाहेरून पट्ट्या दिल्या. जोड शोधूनही सापडत नाही.

१६ ऑगस्ट

दिव्यांची माळ मखरावर टाकून पाहिली आणि मनात धस्स झालं. दोन महिने मी कागदाचं घर बांधते आहे आणि त्याच्या पुढ्यात समई, निरांजन, कापूर पेटणार आहेत. याचा विचार पहिल्या दिवशी करायला हवा होता.

टाकणखार (बोरॅक्स) ७० ग्रॅम आणि बोरिक पावडर ३० ग्रॅम एक लिटर गरम पाण्यात विरघळवली. दोन सारख्या पट्ट्या घेतल्या, एक या पाण्यात भिजवून वाळवली, दुसरी साधी. अंगणात चिमट्यात धरून काडी लावली. साधी पट्टी चार सेकंदांत हातापर्यंत पेटली. भिजवलेली काळी पडली आणि काडी काढल्यावर विझली. जळत नाही असं नाही, पण ज्वाळा धावत नाही. दोन्ही सामानाचे ११० रुपये. ब्रशने सगळ्या भागांना दोन हात दिले. झुरळांपासून बोरिक वाचवतं, हा वरचा फायदा.

१८ ऑगस्ट, रविवार

पांढरा हात द्यायला बसले : खडूची भुकटी, पाणी आणि फेविकॉल. महिरपीवर पहिला ब्रश फिरवला आणि रंगाच्या जागी रबरासारख्या गुठळ्या ओढल्या जायला लागल्या. ब्रशही जाम. खडू खराब निघाला असं वाटलं. दुसरं पाकीट फोडलं, तेच. मग साध्या पुठ्ठ्यावर तोच रंग लावला, तिथे छान बसला. म्हणजे दोष टाकणखाराचा. फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाला टाकणखार लागला की तो साखळतो. मुलं यातूनच ताणली जाणारी गिचगिचीत 'स्लाइम' करतात, हे लेकीने ऐकल्याबरोबर सांगितलं.

गुठळ्या ओल्या फडक्याने पुसल्या, तीन तास गेले. भाग दोन दिवस वाळवले, वर फुललेली पांढरी भुकटी कोरड्या ब्रशने झटकली, मग नुसत्या मैद्याच्या पातळ खळीचा एक हात दिला. तो वाळल्यावर खडू-फेविकॉल बसलं. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी क्रम असा ठेवा : टाकणखाराचं पाणी, दोन दिवस वाळवण, खळ, एक दिवस वाळवण, मग पांढरा.

२२ ते २५ ऑगस्ट

पांढऱ्याचे तीन हात, दर हातानंतर पॉलिश पेपर. भुकटी फार उडते, नाकाला फडकं बांधूनच. खांबांच्या खाली दोन बारीक चिरा गेल्या, तिथे लगदा आणि पट्टी यांचा सांधा आहे आणि दोघे वेगवेगळ्या मापाने आवळतात. लगद्यात जास्त फेविकॉल घालून चिरा बुजवल्या.

महिरपीचा दर्शनी भाग मोठ्या गुळगुळीत कवडीने घोटला. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद असाच घोटून गुळगुळीत करत. पॉलिश पेपरने जी झिलई येत नाही ती घोटल्यावर येते. पण पृष्ठभाग अर्धवट ओला असेल तर लेप सोलून निघतो. एक तळहाताएवढी जागा अशी सोलली गेली, पुन्हा भरली.

२६ ते ३० ऑगस्ट

रंग. गेरू आणि पिवडी फेविकॉलच्या पाण्यात खलून लावायचं ठरलं होतं. गेरूचा खांब सुंदर दिसला, पण हात लावला की बोटाला रंग येत होता. फेविकॉल वाढवलं तर चकाकी आली आणि गेरूचा मातीपणा गेला. शेवटी खांब गेरूच्या छटेच्या अॅक्रिलिकने, महिरप आणि कळस हस्तिदंती, कळ्यांच्या टोकांना सोनेरी. पाठीवर गेरू खराच ठेवला, तिथे कोणाचा हात लागत नाही.

वार्निश पावसाळी दिवशी मारू नये. २९ तारखेला मारलं, पांढुरकी साय धरली. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन पडल्यावर दुसरा पातळ हात मारला तेव्हा बहुतेक निवळली, डाव्या जाळीवर थोडी आहे.

१ सप्टेंबर, रविवार

जोडणी. खांबांच्या पायाला पुठ्ठ्याच्या वाट्या, त्यात खांब बसतो. महिरपीच्या मागे दोन खाचा, खांबावरच्या खुंट्या त्यात अडकतात. खुंट्या घट्ट वळलेल्या सुरळ्यांच्याच. एक खाच अडीच मिलिमीटर सरकलेली, कारण मी ती वार्निशच्या आधी मोजली आणि वार्निशनंतर कापली. पात्याने वाढवली. सगळं उभं राहिलं तेव्हा वजन ८ किलो ३००.

काका आले, दोन्ही हातांनी खांब धरून हलवला. हलला नाही. "झांकीत चालला असता," म्हणाले.

६ सप्टेंबर, हरतालिका

खर्च लिहून काढला. रद्दी ९६, फेविकॉल दोन किलो ४९०, मैदा ६०, मेथी ३०, खडू ६०, मोरचूद ४०, टाकणखार आणि बोरिक ११०, रंग ६२०, वार्निश १८०, पॉलिश पेपर आणि ब्रश १४५, कपलर ९०, साचे १२०. एकूण २०४१ रुपये. रंगांत सहज तीनशे वाचले असते, सोनेरीची मोठी बाटली घेतली आणि ती पाऊणभर उरली. तास मोजले ते साधारण १३०, त्यातले ३५ तरी फेकलेल्या महिरपीत, मोडलेल्या खांबात आणि गुठळ्या पुसण्यात. अडीच किलो कागद वाया गेला.

समई मखराच्या पुढच्या कडेपासून दोन फूट, पितळी ताटात. आरतीचं तबक मखराच्या आत न्यायचं नाही, हे घरात सगळ्यांना सांगितलं. पाण्याची बादली कोपऱ्यात.

७ सप्टेंबर, चतुर्थी

सकाळी सव्वाअकराला गणपती बसले. सासूबाईंनी महिरपीवरून हात फिरवला आणि काही बोलल्या नाहीत. नंतर आलेल्या प्रत्येकाला त्याच सांगत होत्या, की हे कागदाचं आहे, आणि आत कुठे काय आहे.

१४ सप्टेंबर

महालक्ष्म्यांचं विसर्जन १२ तारखेला, त्याच दिवशी गणपतीचंही झालं. आज मखर खोललं. भाग पांढऱ्या सुती कापडात, मध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला, पुठ्ठ्याच्या खोक्यात उभे ठेवले. खोकं माळ्याच्या भिंतीला टेकवायचं नाही, त्या भिंतीला ओल येते.

पुढचा उजवा खांब खोक्यात गेला नाही. त्याच्या वाटीत अंगठा रुततो आहे. तीर्थाचं पाणी चौरंगावरून ओघळून तिथे साचत असणार, आणि वाटीच्या खालच्या बाजूला मी वार्निश मारलंच नव्हतं, दिसत नाही म्हणून. वाटी कापून वेगळी केली. आतल्या एकोणीस सुरळ्यांपैकी बाहेरच्या चार ओल्या होत्या, त्या सोलून काढल्या. खांब खिडकीत उलटा उभा केला आहे. सकाळचं वजन ७१० ग्रॅम, संध्याकाळचं ६९५. उतरतं आहे. उद्या पुन्हा मोजीन.